वास कुठून येतोय

लिफ्टमध्ये मारिसोल म्हणाली, "काहीतरी मेलंय."

सामानाची लिफ्ट, सकाळची वेळ, चादरींनी भरलेल्या दोन ढकलगाड्या आणि आम्ही तिघी. मारिसोल नुकतीच कामाला लागलेली, त्यामुळे मनात आलेलं अजून तोंडाने बोलते. ती बोलली आणि डेल्फीनने नाक वर केलं. मग मीही केलं. सगळ्यांत जास्त वेळ हुंगत मीच उभी राहिले, कारण माझं कामच ते. मिलवॉकीच्या सरोवराकाठच्या या हॉटेलात साफसफाईवर देखरेख माझी असते आणि कितीतरी वर्षं मी याच नाकाचा पगार घेते आहे. खोलीचं दार उघडल्याबरोबर मला कळतं इथे कोण झोपून गेलं. नवऱ्याला चोरून सिगरेट ओढणारी बाई, पाय धुवायचा कंटाळा असलेला फिरता विक्रेता, आंघोळ टाळून नुसतं अत्तर मारून लग्नाला गेलेले पाहुणे. माणूस जातो, त्याची बाकी खोलीत राहते आणि ती मी वाचते. म्हणून आताही मी जाणकारासारखे डोळे मिटले, दोन श्वास घेतले आणि म्हणाले, "उंदीर असेल. भिंतीत." दार उघडल्यावर मी सगळ्यांच्या मागून बाहेर पडले. वास माझा होता.

तो माझ्या पोटाखाली राहत होता. पूर्वी मी लठ्ठ होते, म्हणजे चारचौघीत जाड दिसते तशी नव्हे. बसमध्ये मी बसले की शेजारची जागा गेली असं लोक धरून चालत आणि खुर्चीला हात असतील तर मी उभीच राही. मग डॉक्टरांनी जठर कापून मुठीएवढं केलं, मी चमच्याचमच्याने जेवायला शिकले आणि दोन वर्षांत निम्मी झाले. त्या दिवसांत मला मिळालेल्या कौतुकाची बेरीज अजून माझ्या मनात पक्की आहे: कोणी किती दिलं, देताना कोणी हात आखडला. शेजारच्या मिसेस ग्रॅबोस्कीने पहिल्या वर्षी भरभरून दिलं आणि ज्या दिवशी मी तिच्यापेक्षा बारीक दिसले त्या दिवशी खातं बंद केलं. चर्चच्या तळघरात शुक्रवारी मासे तळतात, तिथल्या बायका मला उभं करून गोल फिरवत. "अगं लोरेटा, तू आहेस तरी कुठे? दिसतच नाहीस." मी फिरत असे. आत कमरेला काय गुंडाळून, दाबून, खोचून आणलंय ते त्यांना ठाऊक नव्हतं. चरबी भाडेकरूसारखी निघून गेली आणि सामान ठेवायची जागा तशीच मागे टाकून गेली. दंडाखाली कातडी लोंबते, हात वर केला की ती मागाहून, सवडीने येते. मांड्यांची आतली बाजू गुडघ्यावर उतरून बसली आहे. आणि पोट, ते पोट राहिलंच नाही, तो एक झोळ आहे. उभी राहिले की मांडीपर्यंत येतो, वाकले की माझ्या आधी जमिनीकडे निघतो. वर चुण्या, फिकट रेघा, भिजत पडलेल्या कागदासारखा रंग. चिमटीत धरला तर आत काहीच लागत नाही. दोन कातड्या एकमेकींवर सरकतात, जिवंत असूनही कोणाच्या नसल्यासारख्या.

माझ्या नवऱ्याचं नाव रे, त्याने आयुष्यभर बिअरच्या पिंपांचा ट्रक चालवला. सुरुवातीला तो म्हणायचा, "निम्मी बायको कुठे ठेवून आलीस? निदान पावती तरी दाखव." मी हसायचे. मग एकदा दुपारी मी कुशीवर निजले होते. तो येऊन पाठीशी पडला, जुन्या सवयीने त्याने हात पुढे टाकला आणि माझ्या पुढ्यात गादीवर सांडलेल्या त्या कातडीवर तो हात पडला. हात थांबला. त्याला कळेना की हे काय आहे. चादर आहे, उशीचा अभ्रा आहे, की बायको आहे. कळल्यावर त्याने हात काढला नाही, तसाच ठेवला, पाहुण्याने न आवडलेला पदार्थ ताटात ठेवावा तसा. त्या सभ्यपणाची मला जेवढी किळस आली तेवढी त्या कातडीचीही आली नव्हती.

ही कातडी कापून काढता येते. पण विम्याच्या लोकांच्या लेखी तो नट्टापट्टा. नट्ट्यापट्ट्याचे पैसे ते देत नाहीत, आणि आपल्या खिशातून करायचं तर आम्हांला घर गहाण टाकावं लागलं असतं. मात्र कातडीच्या घडीत चट्टे उठत असतील, ते चिघळत असतील, औषधाने बरे होत नसतील आणि महिन्यामहिन्याच्या अंतराने डॉक्टरने काढलेल्या तीन फोटोंत तसं दिसत असेल, तर तो आजार. मग कापा. मी पहिल्यांदा गेले तेव्हा डॉक्टर फेल्डकॅम्पबाईंनी झोळ उचलून पाहिला आणि त्यांचं तोंड उतरलं. "मिसेस पावलाक, ही घडी तान्ह्या बाळाच्या मानेसारखी स्वच्छ आहे." मला अभिमान वाटला. रोज दोन वेळा मी झोळ उचलून धुवत असे, केस वाळवायच्या यंत्राने गार हवा मारून वाळवत असे, पावडर लावत असे आणि आत जुन्या अभ्र्याची एक पट्टी घालत असे. त्या अभिमानाचा फोटो कंपनीकडे गेला आणि अर्ज परत आला. नंतर डॉक्टरीणबाई खिडकीकडे बघत बोलल्या. "मी तुम्हाला मलम लिहून देते. मलम लावा असं मी सांगितलेलं आहे, हे मी नोंदवते. आता ते लागू पडतं की नाही, हे काही माझ्या हातात नाही." मी मान हलवली. मलमाची नळी घरी आरशामागच्या कपाटात न उघडलेलीच होती.

दोन फोटो झाले होते. तिसरा आज दुपारी. आज घडी बरी दिसली तर हाही अर्ज परत, आणि ही कंपनी तिसरा अर्ज बघत नाही, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणून या शेवटच्या आठवड्यात मी पाण्याचा थेंब आत जाऊ दिला नाही. आंघोळ करायची ती वरवर आणि खालून, मधला पट्टा सोडून. ऑगस्टचा दमट उन्हाळा होता, मदतीला घाम होता. आधी नुसतं लाल झालं, मग ओलं, मग त्या ओल्यावर पांढुरकी साय धरली आणि कडांना बारीक भेगा पडल्या. वास आधी बंद खोलीत विसरलेल्या टॉवेलाचा होता. मग आंबलेल्या लोणच्याच्या बरणीचा झाला, आणि परवापासून त्यात एक गोडसर काहीतरी मिसळलं, त्याला माझ्याकडे नाव नाही. रे मागच्या खोलीत झोपायला गेला. "गरम होतंय गं," म्हणाला, "तिकडे पंखा चांगला आहे." पंखा इकडेच चांगला आहे, हे आम्हां दोघांनाही माहीत आहे. आणि खरी किळस पुढेच आहे. न्हाणीघराचं दार लावून मी झोळ उचलते, फोटोसाठी पीक कसं आलंय ते बघते, मग एक बोट आत फिरवते आणि ते हुंगते. एकदा हुंगलं की पुन्हा हुंगते. तोंड वाकडं होतं आणि बोट नाकाशी तसंच असतं.

आईला हे कळलं असतं तर तिने मला अंगणात नेऊन पाइपाने धुतलं असतं. ती लठ्ठ होती, दक्षिण भागातल्या आमच्या गल्लीतल्या सगळ्याच पोलिश बायका होत्या. पण तिच्याइतकी घासूनपुसून ठेवलेली बाई मी पाहिली नाही. शनिवारी ती आम्हां भावंडांना एकामागून एक घासायची, कानामागे लाल होईपर्यंत. डॉक्टरकडे जायचं असलं तर पुन्हा घासायची. "आजारी असायला लाज नाही, घाणेरडं असायला आहे." मी सहासात वर्षांची असेन, दार ढकलून आत गेले तर ती कमरेपर्यंत उघडी उभी होती. एका हाताने तिने एक स्तन उचलून धरला होता, आणि दुसऱ्या हाताने त्याखाली इस्त्रीची चौकोनी घडी केलेला हातरुमाल ठेवत होती. मग दुसरा स्तन, दुसरा रुमाल. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही, भांडी फडताळात लावावीत तसं ते काम चाललं होतं. मी पळाले. कित्येक दिवस ती मला कुशीत घ्यायला आली की मी त्या रुमालांच्या जागा टाळून डोकं ठेवायचे. ते रुमाल वाळत घातलेले असायचे त्या दोरीखालून मी जात नसे. आता वाटतं, ते रुमाल किती स्वच्छ होते.

डागडुजीवाला ड्वेन मोठी विजेरी घेऊन आला. त्याच्याबरोबर वास शोधायला जायचं काम माझंच. मीच तर उंदीर म्हणाले होते. आम्ही चादरींच्या खोलीत शिरलो, मागून मारिसोल आणि डेल्फीन. ड्वेन गुडघ्यावर बसून फडताळांखाली विजेरी मारू लागला. मी त्याच्यामागे ओणवी झाले.

"इथे आहे," तो म्हणाला. "इथे एकदम मारतोय."

मी उठून दाराशी गेले.

"आता कमी झाला. गंमतच आहे. हा साला फिरतो की काय?"

"मेलेला कसा फिरेल?" डेल्फीन म्हणाली.

"वारा फिरवतो," ड्वेनने शास्त्र सांगितलं. "मिसेस पावलाक, जरा ही विजेरी धरा. हां, इथे या. अशा वाका. बघा, आता पुन्हा आला. म्हणजे याच भिंतीत."

त्याने भिंतीवर कान लावला. मी विजेरी धरून उभी. लहानपणी आम्ही डोळे बांधून लपवलेली वस्तू शोधायचो आणि बाकीचे ओरडायचे, गार, कोमट, गरम. मी जवळ गेले की ड्वेन गरम होत होता, मागे सरकले की गार. हसू येत होतं आणि हसले तर झोळ हलेल, हलला की घडी उघडेल, म्हणून मी पोट आवळून, ओठ दाबून उभी राहिले. ब्लाउजच्या आत घामाचा एक ओघळ सावकाश तिकडेच निघाला होता. मी मनात त्याला म्हटलं, जा, तुझाच हातभार लागायचा होता.

भिंतीत काही लागेना तेव्हा ड्वेनने वरचा खण उघडला. तिथे मारिसोलचा जेवणाचा डबा होता.

"हे काय आहे?"

"माझा डबा," मारिसोल म्हणाली.

"काय आहे यात?"

"भात आणि शेंगदाण्याची चटणी... म्हणजे आमची तशी असते. आणि राजमा."

"कधीचा?"

"आज सकाळचा. मी पहाटे उठून केलाय."

त्याने झाकण उघडून नाक घातलं. चांगला, ताजा, लसणीचा वास खोलीत पसरला. कोणाचंही जेवण इतकं निष्पाप नसेल. तरी ड्वेनने झाकण लावताना डबा हातभर लांब धरला. "मी काही म्हणत नाही. पण आजपासून खायचं काही इथे नको. मी वर कळवतो." मारिसोलने डबा छातीशी धरला आणि मग, कोणी बघत नाही असं वाटून, हळूच मान वळवून स्वतःची काख हुंगली. ते मी पाहिलं. बाईने काख हुंगणं मी हजारदा पाहिलंय, पण हिने शोधत हुंगलं, खरंच काही सापडेल या भीतीने. "उंदीरच आहे ड्वेन," मी म्हणाले, "पोरीला सोड." ते खोटंच होतं, फक्त आवाज मायेचा लावला होता.

बाहेर आल्यावर डेल्फीन माझ्याबरोबर चालू लागली. ती आणि मी एकाच वर्षी इथे लागलो. मी निम्मी झाले तेव्हा सगळ्या हॉटेलात फक्त तिने माझं कौतुक केलं नाही, "बरी आहेस ना?" एवढंच विचारलं होतं, म्हणून तिच्या नावावर माझ्याकडे काहीच जमा नव्हतं.

"डॉक्टरकडे कधी जायचंय?" तिने विचारलं.

"दुपारी."

"मग जा. आत्ताच जा." ती थोडी पुढे गेली, थांबली. "लोरेटा, तू तिथे काय जपून ठेवलंयस ते मी विचारत नाही. माझी आई तीन वर्षं अंथरुणावर होती, मला हा उंदीर ओळखता येतो. पण तो वर कळवणार आहे. त्या पोरीला ते परवडायचं नाही, नोकरी जाईल."

"आजच्यापुरतं आहे," मी म्हणाले. माझे कान तापले होते, आईने घासल्यावर तापायचे तसे.

दवाखान्याच्या स्वच्छतागृहात गरम पाणी होतं, गुलाबी साबण होता, कागदी टॉवेलांची चळत होती. मी फक्त लघवीला गेले होते. पण हात धुताना हातांनी आपणहून आणखी साबण घेतला, टॉवेल ओला केला आणि मी बघते तर झोळ उचललेला, ओला टॉवेल वीतभर अंतरावर. डॉक्टरकडे जायचंय ना, मग असं जाणार का? आईचा आवाज म्हणावा तर तो माझाच होता. आरशातली बाई कमरेपर्यंत उघडी, एक हात असा, एक हात असा. घडीतून वास वर आला, आणि मला वाटलं हे आईला दिसतंय, रुमाल संपल्यासारखी ती माझ्याकडे बघते आहे. टॉवेलातलं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत आलं. एक पुसणं आणि तीन महिने वाया गेले. मी टॉवेल टोपलीत टाकला, कपडे नीट केले आणि हात पुन्हा एकदा धुतले, फक्त हात.

नर्स ट्रूडी गुबगुबीत, गाणं गुणगुणणारी. मी टेबलावर पडले, तिने हातमोजे घालून दोन्ही तळव्यांनी झोळ वर लोटला आणि घडी उघडली. गुणगुणणं थांबलं. थांबलं एवढंच, तोंडावर तिने काही येऊ दिलं नाही, ती शिकलेली होती. "अगं बाई," ती हलकेच म्हणाली, "किती दुखत असेल हे. थांबा हं, आधी जरा पुसून घेते." तिचा दुसरा हात बाजूच्या डब्याकडे गेला आणि ओला पांढरा कापूस घेऊन परत आला. गार कापसाचा थेंब माझ्या मांडीवर पडला.

मी तिचं मनगट धरलं.

"पुसू नका."

"फोटोला नीट दिसेल म्हणून—"

"असंच नीट दिसतं. पुसू नका. मी ते..." शब्द सापडेना. वाढवलंय म्हणू, सांभाळलंय म्हणू, की केलंय? "मी ते मुद्दाम न धुता ठेवलंय."

आयुष्यात मी एवढं घाण वाक्य कोणासमोर बोलले नव्हते. ट्रूडीने कापूस खाली ठेवला. "बरं," म्हणाली, "मग मी नुसतं धरते." डॉक्टरीणबाई आल्या, वाकल्या, जवळून एक, लांबून एक असे फोटो काढले. पडद्यावर फोटो मोठा झाला. लाल, ओलं, पांढरी साय, कडेच्या भेगा. "वा," बाई म्हणाल्या, "सुंदर." आणि लगेच खोकल्या. पण मी ते जमा करून घेतलं होतं. या कातडीला मिळालेलं ते पहिलं कौतुक.

मी कपडे घालताना त्या म्हणाल्या, "मिसेस पावलाक, एक सांगते. कधीकधी त्यांचा माणूस फोन करतो आणि आणखी एक फोटो मागतो. नेहमी नाही. उत्तर येईपर्यंत मलमाचं तेवढं... तसंच चालू द्या." मी विचारलं, उत्तर किती दिवसांत. त्यांनी खांदे उडवले.

घरी आले तेव्हा रे पायरीवर बसून बिअर पीत होता. "आलं का छायाचित्र?" त्याने विचारलं. मी म्हटलं सुंदर आलं. तो हसला आणि मला वाट द्यायला सरकला, जरा जास्तच सरकला. मी आत गेले, न्हाणीघराचं दार लावलं आणि न्हाणीच्या कठड्यावर बसले. एक आठवडा, दोन आठवडे. एवढं पिकवलेलं पाण्यात घालायचं, आणि उद्या तो माणूस फोन करायचा. शिवाय आता काय, वासाची मला सवय झाली होती. रेला पंखा होता. ड्वेन भिंत फोडत बसला असता. तेवढ्यात फोन वाजला. डेल्फीन.

"उंदीर सापडला," ती म्हणाली.

"काय?"

"तळघरात कपडे वाळवायच्या यंत्रामागे सापळा असतो ना, त्यातला. वाळून पापड झाला होता, वास ना बास. मी तो चादरींच्या फडताळामागे ठेवला आणि ड्वेनला हाक मारली. इतका खूष झाला की शेपटीला धरून सगळ्यांना दाखवत फिरतोय. वर कळवायचं राहिलं. पोरगी तिचा डबा खाऊन घरी गेली." तिच्या मागे हॉटेलची लिफ्ट उघडल्याचा आवाज आला. "आता ऐक. मला एकदाच सापडणार होता, तो सापडलाय. उद्या तो परत येता कामा नये."

"कंपनी आणखी फोटो मागेल," मी म्हणाले. "नाही दिला तर हे सगळं जन्मभर..."

"मागेल तर मागेल," डेल्फीन म्हणाली. "तुझं तू बघ. मी फक्त उंदराचं सांगितलं." आणि तिने फोन ठेवला.

मी फोन बाजूला ठेवला. चिमटीएवढा, वाळून गेलेला प्राणी. माझ्या सगळ्या मेहनतीचं श्रेय त्याच्या शेपटीला. मला खरंच थोडा अपमान वाटला. मग कपडे काढले, झोळ उचलला, एक बोट आत फिरवलं आणि नाकाशी नेलं. तोंड वाकडं झालं. या वेळी बोट तिथे राहिलं नाही. मी पाणी सोडलं. पहिली धार घडीत गेली तशी अशी झोंबली की भिंतीला हात टेकावा लागला. झोंबणं ओसरल्यावर ती कातडी निर्लज्जासारखी सुखावली, लाडावलेल्या जनावरासारखी आणखी मागू लागली. पांढरी साय बोटांना लागून निघाली, फरशीवरून वळत जाळीकडे गेली, जाळीशी क्षणभर अडकली आणि मी ती अंगठ्याने लोटली. साबण, पुन्हा पाणी, पुन्हा साबण. मग आरशामागची नळी काढली, तिचं टोपण उघडलं आणि कानशिलं तापलेली असतानाच आईची तसबीर असावी तशा त्या आरशासमोर उभी राहिले. एका हाताने झोळ वर, दुसऱ्या हातात केस वाळवायचं यंत्र. गार हवेवर ती रिकामी कातडी सगळी थरथरत होती, वर येत होती, पडत होती. दाराबाहेर रेची पावलं आली, थांबली, आणि तो म्हणाला, "पंखा हवाय का?"

मी म्हटलं, "आण."

वाळायला बराच वेळ लागला.